पाठवणीच्या चालीचं रेकॉर्डिंग

न्हाई पण तुम्हीच सांगा, खुर्चीवर बसून कुणी बँड वाजवतं का? तीस वर्षं आम्ही चालत वाजवलं, चिखलातून, ढेकळातून, नाचणाऱ्यांच्या लाथा खात... आन् त्या सूरजनं काय करावं, भिंतींना फोम लावलेल्या खोलीत बारा खुर्च्या मांडल्या आन् म्हणतो, "मास्तर, बसा. बिलकुल हलायचं न्हाई, पाय आपटायचा न्हाई, खोकला आला तर गिळायचा." आता खोकला काय पेढा आहे का गिळायला? मे महिना, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो म्हणे. माझ्या नाकावरून घाम ढोलाच्या कातड्यावर पडून राह्यला, टप टप, तर तो टपटप आवाजबी त्याच्या मशिनीत आला. आन् हा सूरज कोण? डीजेवाला. ज्याच्या डीजेनं आमची लग्नं गेली, त्याच्याच खोलीत जाऊन आम्ही वाजवायचं. मी म्हणलो, दुसरं कुणी बघू. पण मास्तरला सांगणार कोण?

मास्तर म्हणजे आमचे कारभारी मास्तर, जाफराबादचे. क्लॅरनेट त्यांची, बँड त्यांचा, आन् मी भागवत, त्यांचा मोठा ढोल, सगळ्यात मागं चालणारा. एक जमाना होता, बावीस माणसं होती, लाल कोट, खांद्यावर झालरी. भोकरदनकडं लोक मुहूर्त काढायच्या आधी विचारायचे, मास्तर रिकामे आहेत का? आता सालात चार-पाच सुपाऱ्या, त्यातली एक कुणाच्या तरी रिटायरमेंटची. कोट गोजरबाईनं, म्हणजे मास्तरच्या मंडळींनी, ट्रंकेत घालून ठेवले. आन् यंदा ऐन जेठात अधिक महिना येऊन बसला! ऐन हंगामात महिनाभर लग्न न्हाई का मुहूर्त न्हाई. बाकीचे बँडवाले कपाळाला हात लावून बसले आन् आमचे मास्तर खूष. म्हणले, "भागवत, कुणालाच काम न्हाई, म्हणजे सगळे मोकळे. आता रेकॉर्डिंग होऊन जाऊ दे."

आता हे रेकॉर्डिंगचं खूळ कुठून आलं ते सांगतो. मास्तरनं एक चाल बांधली, पाठवणीची. स्वतःची, कुठल्या सिनेमातली न्हाई. पोरगी झाली, दैवशाला, त्या साली बांधली. ती चाल सुरू झाली की नवरीची आई तर सोडा, आचारी रडायचा. तीन तालुक्यांतल्या पोरी त्या चालीवर सासरी गेल्या. राहिली फक्त मास्तरची. दैवशालाचं लग्न ठरलं तवा तीर्थपुरीचे पाव्हणे म्हणले, "बँड नको, आम्ही डीजे आणू राह्यलो." पोरीकडची बाजू, काय बोलणार? मास्तर म्हणले, बराबर आहे, जमाना बदलला. पण क्लॅरनेट टावेलात गुंडाळून आणली होती त्यांनी, मांडवात, खुर्चीखाली. मी बघितली. पाठवणीला डीजे असा दणदणत होता की पोरगी रडून राह्यली का हसून राह्यली ते कळंना. गाडी गेली. मास्तरनं टावेल तसाच उचलला आन् घरी गेले. सहा वर्षं झाली, त्यावर एक शब्द न्हाई. काढायला पाहिजे होती ना क्लॅरनेट, मास्तर? पण मास्तरला सांगणार कोण?

तर यंदा दैवशालाचा फोन आला. अधिक महिना म्हणजे जावयाचा मान, धोंडे जेवायला बोलवायचं, तेहतीस अनारसे द्यायचे, वाण द्यायचं. ती म्हणली, "अण्णा, आम्ही गुरवारी येतो. मला साडी नको, ह्यांना काही नको. माझी चाल मला द्या, मोबाइलात, कायमची." माझी चाल म्हणली. मास्तरनं फोन ठेवला आन् क्लॅरनेट पुसायला बसले. गोजरबाई म्हणली, "लोक जावयाला चांदीचा दिवा देतात आन् हे पिपाणी देऊन राह्यले. ऐका, माझे अनारसे तुपात हसून विरघळले तर तुमचीबी पिपाणी तळीन त्याच तुपात." पण ट्रंकेतले कोट तिनंच काढले, ऊन दाखवलं, तुटलेल्या गुंड्या लावल्या.

मंग माणसं गोळा करणं आलं. बावीसमधले बारा घावले. एक काळीपिवळी चालवतो, एकानं बियाणाचं दुकान टाकलं, आन् कल्याण, आमचा ट्रंपेट, त्याचे पुढचे दोन दात नवे. नव्या दातानं ट्रंपेट वाजत न्हाई हो, हवा भलतीकडून जाते. तरी आला बिचारा. म्हणला, "मास्तर, दैवशालासाठी आहे ना, मंग दात गेले तरी चालतील." ते तर आधीच गेल्ते.

तर त्या फोमच्या खोलीत काही जमलं न्हाई. पाय हलला न्हाई की आमचा ताल बसत न्हाई, डावा पाय पडला की ठोका, ही आमची रीत. बसल्यावर कुणाचा मेळ कुणाला न्हाई. सूरजच म्हणला, त्याला काय वाटलं कोण जाणे, "मास्तर, शाळेला सुट्टी आहे, मैदानात घेऊ. उभं राहून वाजवा, जागच्या जागी पाय हलवा, पण माईक सोडून जाऊ नका." बुधवारी सकाळी सात वाजता आम्ही मैदानात. लाल कोट घालून! आता रेकॉर्डिंगमध्ये कोट कुणाला दिसतो? पण मास्तरला सांगणार कोण?

समोर काठीवर एक माईक, माईकसमोर मास्तर, मागं सगळे, शेवटी मी. मास्तरनं बजावलं, "जो जागा सोडील त्याला बँडमधून काढीन." कुठल्या बँडमधून? पण ते असो. मास्तरनं क्लॅरनेट तोंडाला लावली... आन् तुम्हाला सांगतो, सहा वर्षं जे पोटात धरलं होतं ना, ते सगळं बाहेर आलं. खोटं कशाला बोलू, मला पुढचं दिसंना. कल्याणची हवाबी सरळ गेली. मी मनात म्हणलो, बावीसचे बारा राहिलो, पण हे टिकून राह्यलं पाहिजे, कुठं तरी राह्यलं पाहिजे.

आता इथं आमच्या बँडची एक रीत सांगावी लागंल. पाठवणीला आम्ही गाडीच्या पुढं वेशीपर्यंत वाजवत जायचो. वेशीवर गाडी पुढं जायची आन् आम्ही उभं न राहता, चालीचा दुसरा फेरा सुरू झाला की माघारी वळायचं. मास्तर रांगांच्या मधून वाट काढून पहिले, त्यांच्या मागं सगळे, शेवटी ढोल, वाजवत वाजवत गावात. मास्तर म्हणायचे, पोरीनं मागं वळून पाहिलं तर रिकामा रस्ता दिसू नये. तीस वर्षं दुसरा फेरा लागला की आमचे पाय आपोआप वळायचे.

तर दुसरा फेरा लागला. आन् वळलं कोण? मास्तर! डोळे मिटलेले, क्लॅरनेट वर, रांगांमधून वाट काढत थेट निघाले. मास्तर निघाले म्हणल्यावर ट्रंपेट निघाला, मंग सगळेच निघाले, आन् मी काय एकटा थांबू? सूरज मागनं हात हलवून राह्यला, ओरडताबी येईना, ओरडला तर रेकॉर्ड होईल. आम्ही फाटकातून बाहेर, भोकरदनच्या रस्त्याला. मास्तरला सांगणार कोण? दोनशे पावलांवर चाल संपली, मास्तरनं डोळे उघडले, समोर एसटी उभी आन् ड्रायव्हर टोपी काढून बघून राह्यलेला.

पुन्हा घ्यायचं तर कल्याणचा ओठ फुटलेला, रक्त कोटावर, काळीपिवळीवाल्याचा नंबर लागलेला, सगळे पांगले. सूरजनं आवाज ऐकवला. पहिला फेरा झकास. दुसऱ्यात आवाज निघून चाललेला, लांब, लांब, आधी क्लॅरनेट गेली, मंग बाकीचे. मास्तर पायरीवर बसले. म्हणले, "भागवत, पोरीला एवढंच द्यायचं होतं. तेबी मी माझ्या पायानं घालवलं."

गुरवारी धोंडे झाले. ताटं वाढलेली, मास्तर कुणाकडं बघंनात. दैवशाला म्हणली, आधी चाल. लावली. पहिल्या फेऱ्यात गोजरबाईचा पदर डोळ्याला. दुसरा फेरा लागला, आवाज लहान लहान व्हायला लागला, तसा जावई मोबाइलचा आवाज वाढवायला लागला, एकदा, दोनदा... मास्तरनं मान खाली घातली. तर दैवशालानं नवऱ्याचा हात धरला. म्हणली, "वाढवू नका. जाऊ द्या लांब." आन् रडत रडत म्हणली, "अण्णा, गाडीत बसलेल्या पोरीला असंच ऐकू येत असंल ना?"

तीस वर्षं वाजवलं आम्ही, आन् गाडीत कसं ऐकू जातं हे आमच्यातल्या कुणाला ठाऊक न्हवतं. मास्तर उठले, न जेवताच हात धुवायला गेले, ते बराच वेळ हातच धुवून राह्यले.

आन् शेवटी सगळं गेल्यावर काय उरलं म्हणता? माझा ढोल. वळून सगळ्यात शेवटी निघालो ना, माईकला मीच जवळ. पोरगी शेवटी रडली ती माझ्या ढोलावर, उभ्या जन्मात पहिल्यांदा माझ्या ढोलावर कुणी रडलं, आन् त्यातबी मी एक ठोका चुकलोय. आता मास्तर रोज संध्याकाळी ते लावतात, त्या ठोक्याला थांबवतात आन् माझ्याकडं बघतात. सुधारायचं म्हणलं तर पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी... तवर मास्तरचा दम, कल्याणचे दात आन् माझे गुडघे, तिन्ही राह्यले पाहिजेत.