‘घर’ नावाच्या कॉम्प्युटरचं लायसन्स

मी, कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, गल्लीत ‘डॉक्टर’ म्हणून ओळखला जाणारा, वय ४३ वर्षे, राहणार दुकानाच्या माळ्यावर, आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगतो ते असे :

माझ्या समोर घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. ते चालवणाऱ्यांना सगळे घड्याळवाले काका म्हणतात. त्यांची एकुलती एक मुलगी, वय २४, चौदा महिन्यांपूर्वी घर सोडून गेली. ती हरवल्याची नोंद याच ठाण्यात आहे. ती का गेली, मला माहीत नाही. काकांचा आवाज रस्ता ओलांडून माझ्या दुकानात यायचा, एवढं माहीत आहे. तिला कॉम्प्युटर जोडायला मी शिकवलं होतं. म्हणून तिचा माग लागत असताना मीच तिला मुद्दाम सावध केलं, अशी काकांची तक्रार आहे. मुद्दाम केलेलं नाही. पण माझ्या हातून जे झालं ते त्याहून बरं नाही.

तीन तारखेला काकू, म्हणजे मुलीची आई, तिचा कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून घेऊन आल्या. तो चालू होत नव्हता. मदरबोर्ड जळला होता. काकू म्हणाल्या, “काय बदलायचं ते बदल, पण तिचं आतलं काही हलवू नकोस रे.” नवीन बोर्ड यायला आठ दिवस लागले. अकरा तारखेला सकाळी साडेदहाला मी तो बसवला. मुलीच्या फायली जागच्या जागी होत्या.

ऑपरेटिंग सिस्टीमचं लायसन्स जुन्या बोर्डाला बांधलेलं असतं. बोर्ड बदलला की कॉम्प्युटर चालतो, पण स्क्रीनच्या कोपऱ्यात लायसन्स मागत राहतो. मग मालकाचं खातं उघडायचं, तिथल्या यादीतून जुना कॉम्प्युटर निवडायचा, की त्याचं लायसन्स इकडे येतं. खातं मुलीचं होतं. पासवर्ड तिनेच पूर्वी आईला कागदावर लिहून दिला होता. तो लागला. म्हणजे चौदा महिन्यांत तिने तो बदलला नव्हता. ती हेच खातं अजून वापरत असेल, हे तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

यादीत दोन कॉम्प्युटर होते. मी सवयीने वरचा निवडला. गिऱ्हाइकाचा बंद पडलेला कॉम्प्युटर बहुतेक वेळा वरच असतो, आणि इतक्या वर्षांत मी ती यादी कधी वाचलेली नाही. लायसन्स आलं. मग तारीख दिसली. शेवटचा वापर : काल. समोरचा कॉम्प्युटर तर आठ दिवस माझ्या टेबलावर उघडा पडला होता. म्हणजे मी काढून घेतलं ते ती सध्या वापरते त्या कॉम्प्युटरचं लायसन्स.

त्या वरच्या कॉम्प्युटरचं नाव ‘घर’ होतं. काकांकडच्या कॉम्प्युटरला तिने नाव दिलेलंच नव्हतं, नुसते कंपनीचे आकडे होते. गावाचं नाव कुठे दिसलं नाही. दिसलं असतं तर सांगितलं असतं का, असे साहेबांनी विचारले. काकूंना सांगितलं असतं.

मी धावत समोर गेलो. काकांनी डोळ्याचं भिंग काढलं, दुकान उघडं टाकून आले. काकूंना बोलावलं. यात दहा-बारा मिनिटं गेली. येऊन बघतो तर स्क्रीन पुन्हा पासवर्ड मागत होता, आणि कागदावरचा चालेना. तिकडे लायसन्स गेल्याची सूचना पोचली असणार, तिने लगेच पासवर्ड बदलला. बैल गेला आणि झोपा केला, तशातली गत.

काका म्हणाले, “हातात आलेला धागा तू तोडलास.” ते खरं होतं. मग त्यांनी कॉम्प्युटरचं नाव विचारलं. मी सांगून बसलो. ते सांगायला नको होतं. ते खुर्चीवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. काकू मात्र मला विचारत होत्या, “आत्ता बदलला? म्हणजे आत्ता या क्षणाला ती कुठेतरी बसलीय ना रे? बरी आहे ना?” मी हो म्हणालो.

पंधरा तारखेला दुपारी काकू एकट्या आल्या. कॉम्प्युटर पुन्हा लायसन्स मागू लागला होता. मी समजावलं, की तिने तिचं लायसन्स परत ओढून घेतलंय. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, “मग तू पुन्हा काढून घे. ती पुन्हा घ्यायला येईल.” मी सांगितलं, “काकू, आता आपल्याला आत जाता येत नाही.” त्यावर त्या म्हणाल्या, “तिला लागेल असं आमच्याकडे आता काय उरलंय, ते तरी सांग.”



हा मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरला आहे, त्यात फरक नाही, म्हणून खाली सही करतो.