दिव्यानीची जाळी

अवो मॅडम, डोळे कायले वटारता — मरळ मासोळी जितीच हाय, कापून देते ना! बसा त्या डब्यावर. काय म्हन्लं? पोरगी काय करते? दिव्यानी माही, पुण्याले हाय. आता पाठ झालं मले — पाईपातून पानी कसं वाहाते, विमानाच्या पंखावरून हवा कशी सरकते, हे कंपुटरवर काढाचं सॉफ्टवेअर बनवते. सांगते मी, समजते कोनाले? चौथी पास मी, तेही गुरुजीच्या दयेनं. भामरागडची बहीण म्हनते, विचार तिले, या पावसाळ्यात आमचा पूल कधी बुडते!

नवीन नोकरी होती तवा फोनवर म्हने, आई, दिवसभर जाळी बनवून राह्यली, सारखी तुटून राह्यली. झालं — भडकली ना मी! आमी ढिवर, जाळी विनू विनू बोटं अशी झाली पाहा, पोरीनं हात लावू नये म्हनून शिकवलं, अन हे पुण्याले जाऊन जाळीच विनते? भर बाजारात त्या कंपनीचा उद्धार केला. शिव्या सरल्या तं जीव कळवळला — म्हन्लं, तुटते म्हंजे दोराच हलका असन. चांगला नायलॉनचा दोरा अन विनाची सुई, पार्सल! हसा, हसा, अख्खं ऑफिस हासलं. पान्याच्या चित्राचे बारके बारके चौकोन पाडतेत, त्याले मेश म्हनतेत म्हने. मले समजाव म्हनून पोरीनं जाळी म्हन्लं, अन मले लयच समजलं!

आता जर्मनीवाले बोलावून राह्यले तिले, हेच सॉफ्टवेअर बनवाले. म्हने, आई, तू जा म्हनशील तरच जाईन. मी म्हन्ली, तू तिकडं मेली तं मातीले कोन येईन? — असं बोलते का कोनती माय? मी बोलली. तोंड नाई हे, गटार हाय. परवापासून फोन नाई. आज दुपारी कळवाचं हाय तिले जर्मनीवाल्याले, हो का नाई. किती वाजले, मॅडम? नाई, असंच. तीनदा विचारलं का मी? विचारलं असन.

वाजला — वाजला वो! माहे हात खवल्यानं भरले, तो हिरवा दाबा, लावा कानाले. अजून जवळ. — हॅलो? ... रडतं काऊन? जेवली का? ... आइक. जा. — अवो तुम्ही कायले उठता, तुम्हाले नाई म्हन्लं! फोन धरा नीट. — जा, बाई. ते सुई संग नेजो... हासू नको. जा म्हन्लं ना!

ठेवा फोन, मॅडम. नाई, काई बोलू नका आता. पिशवी उघडा.