बंद गळ्याची बटणं

हात जरा वर करा, काकू — नाही, श्वास रोखू नका, रोखलेल्या श्वासाचं माप घेतलं की कपडा ऐन समारंभात उसवतो. काय म्हणालात? ताई तुमच्या घरात फिट होईल ना? ती काय नळ आहे का, आटे बघून फिट करायला? चिडले नाही, विचारतेय. तुम्ही तिला बघायला आलात तेव्हाही हेच — मुलगी तब्येतीनं फिट आहे ना? आणि आमचे बाबा गळ्यातल्या टेपशी चाळा करत म्हणाले, एकदम फिट. आत्यानं लगेच री ओढली. मी तेव्हाच बोलणार होते, पण आत्यानं टेबलाखालून असा चिमटा काढला —

तो ड्रेस ओढू नका. हो, ताईचाच, लग्नातला. बंद गळा तुम्हीच सांगितला होतात ना, घरंदाज दिसतो म्हणून? बटणं खोटीच आहेत. वर नुसती दिसायला टाकलीत, खाली टिचबटणं आहेत. फॅशन म्हणून — नाही, फॅशन कसली डोंबलाची. मला ना, या घरातल्या मोठ्या माणसांचा वीट आलाय. दुकानात दिवसभर हा एकच शब्द — बाही फिट, कंबर फिट, आत्याच्या डोक्यात काही फिट बसलं की ब्रह्मदेव आला तरी हलत नाही — पण ताईला फिट येते, एवढं मात्र कुणी उच्चारायचं नाही. चक्कर म्हणायचं. अशक्तपणा म्हणायचं. शाळेत होती तेव्हापासून येते, गोळ्या चालू आहेत, आता क्वचितच येते. आली तर कुशीवर वळवायचं, गळा मोकळा करायचा, तोंडात चमचाबिमचा कोंबायचा नाही आणि शेजारी बसून राहायचं. यात लाज कसली? मागच्या खेपेला इथेच आली, या मशीनपाशी. गळ्याची हुकं माझ्या हातून निघेनात, आणि आत्या धावली — कुठे, सांगा? ताईकडे नाही. दाराकडे. कडी लावायला. गिऱ्हाईक बघेल म्हणून! शेवटी मी कात्रीनं गळा कापला. तेव्हापासून तिच्या प्रत्येक गळ्याला टिचबटणं.

फसवलं? हो, बाबांनी फसवलं, मी नाही कुठे म्हणतेय? पण तुमच्या मुलाला कुणी फसवलेलं नाही हं. त्याला ताईनं स्वतः सांगितलं, पहिल्याच भेटीत. तो येऊन शिकून गेलाय माझ्याकडून, याच स्टुलावर बसून, गळा कसा उघडायचा, कुशीवर कसं —

म्हणजे तो बोलला नाही तुम्हाला? आईला मी सांगतो म्हणाला होता. ताईचा हात धरून म्हणाला होता. वा. म्हणजे दिवे सगळ्याच घरांत लागलेत. आम्ही गिऱ्हाइकांना भितो आणि तो तुम्हाला. माझ्याकडे असं बघू नका, काकू, मी काय केलं? लग्न मोडायचं तर मोडा. पण मध्यस्थाकडून पत्रिका जुळत नाही असला निरोप धाडू नका. तिच्या तोंडावर सांगा. तिला हवाय हो तुमचा मुलगा. खूप हवाय. ती म्हणाली होती, आधी त्याच्या आईला सांगू, मगच कपडे शिवू — आणि मीच म्हटलं, तो सांगेल, तू कशाला —

थांबा. जिन्यात ताईच आहे. हात खाली घ्या, झालं माप. काय विचारायचं ते तिलाच विचारा. मी आता एक अक्षर बोलणार नाही.