थॉमसिनबाईंच्या नावाची पत्रं

नाही, तुम्ही नाही लिहिलीत ती, थॉमसिनबाई — सांगायला कशाला हवं, मला ठाऊक आहे. आईसाहेबांच्या उशीखाली सापडली ना? खाली नाव तुमचं, पण हात माझा. डावा. लहान पोरीचं अक्षर वाटावं म्हणून डाव्या हाताने लिहायची. बसा हो, उभ्याने ऐकायची गोष्ट नाही ही.

आईनं कधी विचारलं नाही असंच वाटलं ना तुम्हाला, बारा वर्षं? विचारलं हो! महिन्याला एक पत्र. सातव्या वर्षी तुम्हाला आत्याबाईंकडे यॉर्कला धाडलं — का, तर आईसाहेब माहेरची जमीन सरसाहेबांच्या, तुमच्या वडिलांच्या, नावावर करीनात. सही कर, मग पोर परत आणतो, म्हणाले. ती माझ्या बापाची जमीन, माझ्या लेकीला जाईल, म्हणाल्या. झालं — त्यांना पूर्वेच्या खोलीत कोंडलं, नि मला हुकूम, पत्र असेल ते माझ्याकडे आण. आणलं. एकूण एक नेऊन दिलं. काय करणार होते मी? सरसाहेबांच्या कपाटात आहेत सगळी, कोर्टात आईसाहेबांविरुद्ध दाखवायला जपलेली.

पण आईसाहेब रोज विचारायच्या — जोन, उत्तर आलं? नाही बघवलं मला. म्हणून पहिलं लिहिलं. दोन ओळी, खुशालीच्या. मग थांबता येईना. एकदा काही सुचेना म्हणून तुम्हाला गोवर आणला — तर तीन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत! घाईघाईने बरं केलं तुम्हाला. हसू नका… हसत नाही का तुम्ही. बरं.

मागच्या हिवाळ्यात दृष्टी गेली त्यांची. शेवटचं पत्र मलाच सांगून लिहवलं. सरसाहेब लंडनला, टपालवाला दारात, अडवणारं कुणी नाही — मग? मग काय! तुम्ही आला असता, दोघी बोलला असता, नि साठाव्या वर्षी मी कुठं जायचं, सांगा? चुलीत घातलं. आणि उत्तर वाचून दाखवलं — रस्ते चिखलाचे आहेत आई, उन्हाळ्यात येते.

रस्ते वाळले तशा खिडकीशी बसू लागल्या. घोड्याची टाप वाजली की विचारायच्या — बघ गं, तीच का? गवत कापणीच्या आठवड्यात गेल्या. तुमच्यावर रागावल्या नाहीत, एवढं सांगते. आत्याबाई सोडत नसतील म्हणाल्या.

चुलीत घातलं त्या पत्रात काय होतं? नका विचारू… 'सही केली मी. जमीन गेली तर जाऊ दे, तू ये. तुझं तोंड हातांनी चाचपून बघेन.' एवढंच.

हो, केली होती सही. सरसाहेब तोच कागद घेऊन लंडनला गेले होते. तुम्हाला आणायचं? त्याचं नावही नाही काढलं त्यांनी.

माझे हात काय बघताय? जा, बाई. जा आता.