दहापैकी सहा

...नाही, मी म्हणते, असतील कौशल्यं, प्रत्येकात काही ना काही असतंच, पण ती अशी ओट्यावर डबे मांडल्यासारखी ओळीने मांडून लोकांना दाखवायची का? तुम्हाला सांगते, माझी भाची चार दिवस हात धुऊन माझ्या मागे लागली होती. मांडीवर लॅपटॉप, आणि तोंडात एकच, "मावशी, तुझी कौशल्यं सांग." मी भाजी निवडतेय, तुझी कौशल्यं सांग. मी वेणी घालतेय, तुझी कौशल्यं सांग. अगं, दात तरी घासू दे, मग सांगते!

झालं काय, की आमचा शिलाई मशीनचा कारखाना बंद पडला. एकतीस वर्षं काढली मी तिथे. आता चार महिने घरी. लोक म्हणतात, आराम करा. अहो, आराम करायचा म्हणजे किती करायचा? सकाळी साडेपाचला डोळा उघडतो, आंघोळ होते, डबा भरून होतो... हो, डबासुद्धा भरते मी... चप्पल घालायला दारापर्यंत जाते आणि मग आठवतं. मग तोच डबा दुपारी घरात बसून खायचा. मला काम हवंय हो. कुणी तरी सकाळी माझी वाट बघायला हवी, एवढंच.

तर एक कपडे धुण्याची यंत्रं बनवणारी कंपनी आहे, तिथे माल तपासायला माणूस पाहिजे होतं. शनिवारपर्यंत अर्ज. मी म्हटलं, लिहिते की, अमुक कारखाना, अमुक साल ते अमुक साल, खाली सही. भाची किंचाळलीच. "मावशी, असं नाही लिहीत आता कुणी! एकाच ठिकाणी एकतीस वर्षं हे वर दिसलं की पुढचं वाचतच नाहीत. कौशल्यं वर, क्षमता वर, वर्षं पार तळाशी, बारीक अक्षरात." घ्या! म्हणजे मी एकतीस वर्षं काहीतरी लपवण्यासारखं करत होते की काय?

"बरं, तू नेमकं करायचीस काय?" ती म्हणाली.

"ऐकायचे."

"काय ऐकायचीस?"

"मशीन."

आता हिला कसं सांगायचं? आमच्याकडे अगदी शेवटी एक खोली होती, ऐकायची खोली. भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या, खिडकी नाही, एक टेबल, दोन खुर्च्या. जोडून झालेलं प्रत्येक मशीन तिथे यायचं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझी जोडीदारीण, तिला आम्ही बुटकी म्हणायचो. चाक फिरवायचं, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. शटल घासतंय का, सुई वर जाताना अडखळतेय का, एखादा स्क्रू कुरकुरतोय का. मग दोघींनी आपापल्या पाटीवर दहापैकी आकडा लिहायचा, एकमेकींचा न बघता. आकडा जुळला तर तो खडूने मशीनच्या बुडाशी. नाही जुळला तर मशीन परत खोलायचं. खोलीत बोलायला बंदी. सतरा वर्षं बसलो दोघी, आठ-आठ तास, एक शब्द नाही, आणि तरी सांगते तुम्हाला, सकाळी ती खुर्ची कशी ओढते त्यावरून मला कळायचं की घरी सासूशी वाजलंय.

एवढं सगळं सांगितलं मी भाचीला, जीव ओतून सांगितलं, आणि तिने टकटक करून काय लिहिलं माहितीये? "ध्वनिआधारित गुणवत्ता मूल्यमापनात निष्णात." मी तीनदा वाचलं. अशी बाई समोर आली तर मी उठून तिला खुर्ची देईन. पण ती मी नाही हो.

"पुढे. सांघिक कामाची आवड?" भाचीने विचारलं. "बोलायला बंदी होती." "संवादकौशल्य?" "अगं, बंदी होती म्हणतेय ना." "बरं, निर्णयक्षमता?" मी म्हटलं, हां, ती लिही, रोज चाळीस निर्णय घ्यायचे मी. तर म्हणते, "चाळीस नको, 'वेगवान' लिहिते." वेगवान कसलं? एकेका मशीनला दहा-दहा मिनिटं लागायची!

आणि मग आली ती गोल गोल भानगड. प्रत्येक कौशल्यापुढे पाच गोल, जेवढं येतं तेवढे काळे करायचे. तिने पाचही केले. मी म्हटलं, दोन पूस. ती म्हणे, "मावशी, सगळे पाचच करतात." मी म्हटलं, करू देत. ती चिडली, मी चिडले, मधे माझी बहीण म्हणाली, "तुम्ही दोघी गप्प बसा, नाहीतर मीच ते गोल खरवडून काढीन."

पण मी तरी काय करू? आमच्याकडे दहापैकी दहा कुणाला मिळालेच नाहीत कधी. आमचे फोरमन, त्यांना सगळे कानसाहेब म्हणायचे, कारण मशीन तीन खोल्या पलीकडे फिरलं तरी ते तिथून सांगायचे, "तेल कमी आहे." त्यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं, "सहा म्हणजे माल घराबाहेर जायला लायक. सहा मिळाले की पुरे. दहा दिलेस ना, की त्या दिवसापासून तुझं ऐकणं संपलं." एकतीस वर्षांत सात मिळालेली मशीनं मी बोटांवर मोजीन. आणि आठ एकदाच. एकदाच! माझ्या पाटीवर आठ, बुटकीच्या पाटीवर आठ. आम्ही घाबरलोच. कानसाहेबांना बोलावलं. त्यांनी चाक फिरवलं, ऐकलं, परत फिरवलं, आणि बाहेर गेले. थोड्या वेळाने बघते तर जोडणीवाले, रंगवाले, पॅकिंगच्या बायका, सगळे हात पुसत पुसत येतायत. पाच-पाच जण आत घेतले त्यांनी. कुणी बोललं नाही. नुसतं ऐकलं सगळ्यांनी. पॅकिंगमधल्या एकीच्या डोळ्यांत तर पाणी आलं. मग दुपारी ते मशीन बाकीच्यांसारखंच खोक्यात भरलं आणि गेलं. कुणाच्या घरी गेलं कोण जाणे. मला अजून येतो कधीकधी तो आवाज, सकाळी, डबा भरताना.

आता हे कुठल्या गोलात भरू, सांगा?

शेवटी भाचीने पाच गोलांचाच अर्ज पाठवला आणि मुलाखतीला बोलावणं आलं. बाहेर बाकावर बसले होते, दार अर्धवट उघडं, आतला उमेदवार तावातावाने बोलतोय. आत विचारलं, "स्वतःला दहापैकी किती गुण द्याल?" तो म्हणाला, "दहा. खरं तर अकरा." आणि आतले हसले, खूश होऊन हसले! मग माझा नंबर. तिघंजण होते. मधल्या साहेबांनी कागद वाचला, "ध्वनिआधारित... म्हणजे काय हो?" मी म्हटलं, "ऐकायचे साहेब." "अच्छा. आणि स्वतःला दहापैकी किती द्याल?"

आता भाचीने घोकून घेतलं होतं माझ्याकडून, नऊ म्हण, नऊ म्हण. तोंडाशी आलं होतं नऊ. पण मी डोळे मिटले, सवयच ती, आणि एकतीस वर्षं नीट तपासली. चुकलेली मशीनं आठवली, परत आलेली आठवली, तापात असताना पास केलेलं एक तर आयुष्यभर विसरणार नाही. आणि म्हटलं, "सहा."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "कळवू." तिसऱ्या दिवशी कळवलं. नाही म्हणून.

भाची दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. "सहा? मावशी, सहा? सहावाल्या माणसाला कोण घेतं?" तिचंही बरोबर आहे हो, चार दिवस राबली होती पोरगी. मला राहवेना. मी उठले आणि कानसाहेबांकडे गेले. ब्याऐंशी वर्षांचे झालेत. आणि काय सांगू, आता त्यांना ऐकू येत नाही. त्यांना! कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. दोन जिने चढून गेले, त्यांच्या सुनेने चहा ठेवला, आणि मी ओरडून ओरडून सगळी हकिकत सांगितली. शेजारची दारं उघडली, वरच्या मजल्यावरून कुणी वाकून बघितलं. माझी मुलाखत अख्ख्या इमारतीने ऐकली.

मला वाटलं, निदान हे तरी म्हणतील, बरोबर केलंस. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "किती सांगितलेस?"

"सहा!" मी ओरडले.

"स्वतःच्या तोंडाने?"

"हो!"

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत होते. "मी छत्तीस वर्षं होतो तिथे," म्हणाले, "मला कुणी विचारलं असतं तर मी पाच सांगितले असते."

तुम्हाला सांगते, उतरताना जिन्यात मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली... एवढी बढाई मी आयुष्यात कधी मारली नव्हती. गुरुवारी दुसऱ्या एका ठिकाणी मुलाखत आहे. भाची पुन्हा लॅपटॉप घेऊन बसलीये, नऊ म्हण, नऊ म्हण. म्हणू दे तिला. मी पाचच सांगणार आहे.