सातवी पाचर

हॅलो? …हो आई, बोल. …अगं मध्यंतर झालंय आत्ताच, म्हणून तर उचलला. …काय सांगू तुला! सत्तरी उलटलीय म्हणे या पियानो वाजवणाऱ्या बाईंची, पण बोटं बघशील तर… आणि पियानो असा लागलाय ना! शेजारचे आजोबा म्हणाले, कोण लावतं हो हा? मी म्हटलं, माझे बाबा. …आई? आवाज का असा येतोय तुझा? बाबा बरे आहेत ना?

झोपलेत ना, मग? …कुठली पिशवी? …हां, हत्यारांची. नेहमीसारखी पुसायला काढलीस. …सावकाश बोल गं, मला काही कळत नाहीये. …पाचर? ती रबराची, सूर लावताना शेजारची तार मुकी करायला तारांच्या मधे घालतात ती? …एक कप्पा रिकामा म्हणजे?

नीट बघ. तूच शिवलंस ना ते कापड, सात कप्प्यांचं? मोज परत. …सहा. …अगं, तळाशी पडली असेल. उलटी कर पिशवी. …कोटाचे खिसे बघितलेस? …पँटचे? …कपाटाखाली?

नाही, नाही. बाबा असं विसरत नाहीत. तीस वर्षांत एकदा तरी… हो, माहितेय. गॅस उघडा ठेवला ते माहितेय. आपल्याच गल्लीत आपलंच घर विचारत होते, तेही माहितेय. पण काम? काम त्यांच्या हातात आहे, तिथे काही होणार नाही, असं तूच म्हणत होतीस ना?

थांब. मला विचार करू दे. …बाईंनी सराव सकाळी केला. बाबा चार वाजता आले, शेवटचा हात फिरवायला. त्यानंतर कार्यक्रमापर्यंत कोणी हात लावलेला नाही. म्हणजे पियानोतच राहिलीय ती. …अगं पण, वरच्या टोकाला राहिली असेल तर पहिल्या भागात कळणारच नाही! सगळ्या जुन्या रचना होत्या. त्या काळी पियानोच आखूड असायचे, उजवीकडच्या शेवटच्या पट्ट्या लागतच नाहीत. …आता? आता लागणार, आई. दुसऱ्या भागात नव्या रचना आहेत, बाई पार टोकापर्यंत जाणार. आणि तिथे रबर अडकलेलं असलं ना, तर सूर नाही यायचा, नुसतं ठक्क वाजेल. बाराशे माणसांसमोर.

सभागृहाच्या साहेबांना? आई, साहेबांना सांगितलं की संपलं. मघाशीच दारात मला विचारत होते, वडिलांची तब्येत कशी आहे म्हणून. असे बघत होते ना माझ्याकडे… हे सभागृहाचं काम सुटलं तर बाबा काय करतील दिवसभर? खिडकीत बसतील?

नको, उठवू नकोस त्यांना! मी जाते. …स्टेजवर, अजून कुठे! …मग दुसरं कोण जाणार? लहानपणापासून त्यांच्या शेजारी उभी राहून बघतेय मी. …सात मिनिटं आहेत. फोन ठेवू नकोस हं. काहीही बोल, पण बोलत राहा… जरा जाऊ द्या हं… सॉरी, सॉरी, पाय पडला का? …जिने संपत नाहीयेत.

नमस्कार काका! ओळखलंत ना? पियानो लावतात त्यांची मुलगी. …बाबांनीच पाठवलंय, एक तार बघून ये म्हणाले. स्टेजवर सोडा ना, दोन मिनिटं फक्त. …हो, हो, बरे आहेत. जरा कणकण होती म्हणून घरी थांबले. …थँक्यू काका.

आई, धडधडीत खोटं बोलले मी. …हो, पोचले. दिवे डोळ्यांत जातायत. …वाकते, थांब. …इथे नाही. …इथे पण नाही. …आई. …आहे गं. आहे. अगदी टोकाला, घट्ट बसलीय. …तार सरकली तर गेलंच सगळं. …थांब, बोलू नकोस. …

निघाली! निघाली आई! मुठीत आहे माझ्या. …नाही गं, कोणाला काय कळणार! बाल्कनीतून एकाने तर टाळ्या वाजवल्या, मलाच बाई समजला मेला. …हुश्श. आत आले, पडद्यामागे. पाण्याचा घोट तरी… आई? अगं निघाली म्हणतेय ना, हस की जरा!

काय? …उठले? …बूट कशाला घातलेत? …कुठे निघालेत?

नीट सांग, काय म्हणाले? …आज बाईंचा कार्यक्रम आहे… उशीर झालाय… पियानो लावायचा राहिलाय.

आई, दाराला कुलूप लाव. किल्ली तुझ्याकडे ठेव. …चिडू देत. चिडू देत गं! …दे, फोन दे त्यांना.

बाबा? मी बोलतेय. …अहो, लावून झालाय. …नाही, दुसऱ्या कोणाला नाही बोलावलं. तुम्हीच लावलात. दुपारी, चार वाजता. …आठवत नाही? …नाही हो बाबा, थट्टा कशाला करीन?

त्या ना, टाळ्या आहेत. बाई आल्या. …हळू बोलतेय, मी इथेच आत उभी आहे. …ऐकू येतंय तुम्हाला? …हो, अगदी वरच्या पट्ट्या. …स्वच्छ लागल्यात, हो. …कोणी लावला?

तुम्ही, बाबा.

बाबा? …बाबा, असं रडू नका. …हो, मलाही. मलाही खूप भीती वाटते.

काका, साहेबांना एक निरोप द्याल? उद्या सकाळी मी भेटायला येते म्हणावं. बाबांबद्दल बोलायचंय. …नाही, ऐकायला नाही थांबत आता.

आई? …हो, निघालेच. …नको, बूट काढू नकोस त्यांचे. मी आले की त्यांना घेऊन जरा बाहेर चालून येते. …कुलूप काढ तोवर. त्यांचा हात धरून दारातच बस. ठेवते.