ताजी वाइन

...आणि वर मला विचारतो, "लाल देऊ की पांढरी?" अहो, मला काय ठाऊक! मी आलोय लेकीच्या होणाऱ्या सासरी न्यायला बाटली, आणि हा ॲप्रनवाला रंग विचारतोय, पडदे घ्यायला आल्यासारखा! पण म्हटलं, घाबरायचं नाही. इतकी वर्षं औषधाचं दुकान चालवतोय, बाटल्यांतच जन्म गेला, आपल्याला कसली लाज!

तुम्हाला सांगतो, हे सगळं लेकीचं खूळ. "बाबा, जेवायला जाताना वाइन न्यायची हं. आणि प्लीज, या वेळी तरी माझं नाक कापू नका!" या वेळी तरी म्हणजे काय, तर पहिल्या भेटीत मी होणाऱ्या व्याह्यांना त्यांच्या बीपीच्या गोळीचा स्वस्तातला पर्याय सुचवला होता. चांगलंच सांगितलं ना? पण नाही! लग्न जमायच्या बेतात, त्यामुळे पोरीचा जीव टांगणीला आणि डोळा माझ्यावर.

बरं, दुकान केवढं! या टोकाचा माणूस त्या टोकाला मुंगीएवढा दिसतो. मी आधी साबणांच्या रांगेतून उगाच चकरा मारल्या, कुणी ओळखीचं दिसतंय का बघत. ट्रॉलीत टॉयलेट पेपरचं हे एवढं बंडल घेतलं, बाटली झाकायला. लाज म्हणून नव्हे हो... आपल्याला कसली लाज! पण माझ्याकडून खोकल्याचं औषध नेणारं गिऱ्हाईक दिसलं तर?

मग ती भिंत. नुसत्या बाटल्या! नावं अशी, की वाचता वाचता जिभेला गाठ पडावी. आणि तेवढ्यात मला एक माझ्या ओळखीची गोष्ट दिसली... तारीख! सवयच हो, बाटली हातात आली की हात आपोआप ती फिरवतो. साल बघतो तर काय, नऊ वर्षांपूर्वीचं! शेजारची त्याहून जुनी! आणि सगळ्यात जुनी काचेच्या कपाटात, कुलपात, सगळ्यात महाग! माझं टाळकंच सरकलं. अहो, माझ्याकडे मुदत उलटलेलं एक सिरप निघालं तर मला जेवण जात नाही, आणि हे लोक असला माल सजवून ठेवतात?

"सर, ते द्राक्षं तोडल्याचं साल आहे," ॲप्रनवाला म्हणाला.

"मग द्राक्षं ताजी नकोत? मॅनेजरला बोलवा! लोकांच्या पोटाशी खेळता?"

माणसं जमली. मला चेवच चढला! "काकू, जिवावर बेतेल!" म्हणत एका बाईंच्या हातातली बाटली काढून मी परत फळीवर ठेवली. आणि कुणीतरी पाठिंबा द्यावा म्हणून मागे वळलो... तर होणारे व्याही! हातात बाटली. चांगली जुनी, कुलपातली.

त्यांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ओठ दाबून हसू आवरणाऱ्या गर्दीकडे पाहिलं. आणि शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे यांचं. मलाही ही जरा जुनीच वाटली." ठेवली परत! आणि खालच्या फळीवरून याच वर्षीची, स्वस्तातली उचलून माझ्या हातात दिली. "ही घ्या. ताजी."

मी दोन घेतल्या! घरी येऊन छाती फुगवून लेकीला सगळं सांगितलं. ती मटकन खालीच बसली.

"बाबा... ती मुरवतात. जुनी आहे म्हणून तर महाग!"

"मग ते कशाला हो म्हणाले?"

"तुमची लाज राखायला!"

काय सांगू तुम्हाला... कानशिलं अशी तापली! त्या भल्या माणसानं माझ्यासाठी चारचौघांत स्वतःला अडाणी म्हणवून घेतलं, आणि मी तिथे पुढारी होऊन भाषण ठोकत होतो. धरणी दुभंगावी असं वाटलं हो, खरंच.

लग्न झालं. थाटात झालं, पोरगी सुखात आहे. पण त्या घरात तेव्हापासून माझ्या मानाखातर फक्त याच वर्षीची वाइन! व्याही हौसेनं बाटली दाखवतात, "बघा, एकदम ताजी!" विहीणबाई हसतमुखानं घोट घेतात, जावई डोळे मिटून गिळतो. प्रत्येक वेळी ठरवतो, आज सांगून टाकायचं की मला कळलंय. पण मला सांभाळून घेतल्याचा केवढा आनंद असतो त्यांच्या तोंडावर! तो कसा मोडू? मग मीही तारीख बघतो, मान डोलावतो, ग्लास पुढे करतो. एवढी आंबट, एवढी आंबट...

आता अख्ख्या घराला ॲसिडिटी. गोळ्या जातात माझ्याच दुकानातून... फुकट. पैसे कुठल्या तोंडानं मागू?